हेमाताई जिंकत होत्या

हेमाताई रामटेके पोकरमध्ये हरायच्या. वाईट खेळायच्या म्हणून नव्हे. आमच्या चौघांत खेळ सगळ्यांत चांगला त्यांनाच यायचा, आम्हाला शिकवलाही त्यांनीच. पण पत्ते त्यांच्याकडे येतच नसत. त्यांना राण्यांची जोडी आली की समोर कुणाकडे तरी राजांची जोडी हजर. बदामाची चार पानं जमली आणि पाचव्यासाठी पत्ता बदलून घेतला, की हातात चौकटची दुर्री. त्या पत्त्याकडे चष्म्याच्या वरून बघायच्या, ओठ जरा मुडपायच्या आणि म्हणायच्या, "अच्छा. म्हणजे आजही घरी कुणी नाही." मग पत्ते खाली ठेवून पुढचा डाव पिसायला घ्यायच्या. कुरकुर नाही, उसासा नाही.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. नाशिकहून माझी बदली झाली, आणि ट्रकमधून सामान उतरत होतं त्या दिवशी एक उंच, शिडशिडीत बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ.

"मराठी का?"

"हो."

"मग संध्याकाळी चहाला या. जेवायला बोलावलं असतं, पण मला स्वयंपाक येत नाही. रामटेके करतात, आणि ते आज साइटवर आहेत."

रामटेके म्हणजे त्यांचे यजमान. ते सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर होते आणि त्या एका मंत्रालयात सांख्यिकी अधिकारी. दोघं वर्ध्याकडचे, कॉलेजात एका वर्गात होते. तेव्हापासून त्या नवऱ्याला आडनावानंच हाक मारायच्या, तीही अहो-जाहोत. "रामटेके, चहा टाका." "रामटेके, तुमचा चष्मा फ्रिजवर आहे." लग्न होऊन त्या स्वतः रामटेके झाल्या, तरी सवय सुटली नाही. रामटेकेभाऊ अंगानं भरपूर, बोलायला कमी. त्यांना थाप मारता यायची नाही. मारायला गेले की आधी कान लाल व्हायचे.

चौथे पास्कलकाका. वसईचे, पत्नी गेल्यावर मुलाकडे दिल्लीला आलेले, शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारे. चांगले पत्ते आले की ते नकळत चर्चमधलं गाणं गुणगुणायला लागायचे, त्यामुळे आम्ही तिघं लगेच डाव सोडून द्यायचो. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण एवढे चांगले पत्ते येऊनही मोठं कधी का जिंकत नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाली की खेळ सुरू व्हायचा. थंडीत गच्चीवर उन्हात, उन्हाळ्यात कूलरसमोर. खेळ सोपा: प्रत्येकाला पाच पत्ते, नको असतील ते एकदा बदलून घ्यायचे, मग बोली. पत्त्यांत दम नसेल तर टाकून द्यायचे, असेल तर बोली वाढवायची, आणि नसला तरी वाढवून समोरच्याला पळवून लावायचं. पैसा नाही. राजम्याचा दाणा एकाचा, काबुली चणा पाचाचा. ती बरणी स्वयंपाकघरात वेगळी ठेवलेली असायची आणि त्यातला राजमा कधीही शिजला नाही. "पैसा आला की माणूस पत्त्यांकडे बघत नाही, पैशाकडे बघतो," असं त्यांचं म्हणणं.

माझी मुलगी तन्वी तेव्हा दुसरीत होती. तिला त्यांनी सात-आठ शिकवलं आणि पहिल्याच दिवशी ओळीनं हरवलं. पोर रडत खाली आली. कॉलनीतल्या सगळ्या मावश्या तिला जिंकू द्यायच्या, हिला हरायची सवयच नव्हती. मी वर गेले आणि जरा रागानंच म्हटलं, "ताई, लहान आहे हो ती. एखादा डाव सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

"मी सोडला आणि तिला कळलं नाही, तर ती समजेल आपल्याला खेळता येतं. आणि कळलं, तर समजेल हेमामावशी खोटारडी आहे. दोन्हीकडून नुकसान तिचंच."

"पण तुम्ही स्वतः थापा मारताच की," तिथेच बसलेले पास्कलकाका म्हणाले. "परवा हातात काही नसताना मला पळवलंत."

"काका, तुम्हाला थाप मारते ती तुम्ही बरोबरीचे आहात म्हणून. मुद्दाम हरणारा माणूस समोरच्याला बिचारा समजतो. माझ्याशी असं कुणी केलं तर मी त्याचं तोंड बघणार नाही."

तन्वी रोज वर जात राहिली, रोज हरत राहिली. आणि मग कधीतरी पावसाळ्यात एका संध्याकाळी ती जिन्यावरून अनवाणी धावत, ओरडत खाली आली, "जिंकले! खरंखरं जिंकले!" तिच्यामागून हेमाताई जिन्याच्या वळणापर्यंत आल्या होत्या. कठड्यावर हात ठेवून त्या हसत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा तन्वीपेक्षा जास्त फुललेला होता.

पत्त्यांसारखंच बाकीच्या गोष्टींतही त्यांचं होत गेलं. सरकारी घरांचे ड्रॉ निघायचे, दोघं दर वेळी अर्ज भरायचे, आणि नाव लागता लागता राहायचं. एकदा तर यादी जिथे संपली त्याच्या बरोबर खाली त्यांचं नाव होतं. "शेवटचं नाव आणि त्याच्या खालचं नाव यांच्यामध्ये जी जागा असते ना, तिथे मी राहते," असं त्या हसत सांगायच्या. बढतीचंही तसंच, निवृत्तीला थोडके महिने उरले असताना मिळाली. मूल नव्हतं. त्याबद्दल माझ्याशी त्या एकदाच बोलल्या, तेही भेंड्या चिरून देता देता. "दोनदा राहिलं होतं. दुसऱ्यांदा पाचव्या महिन्यापर्यंत आलं. मग नाही टिकलं." एवढं बोलून त्यांनी भेंडीचं देठ बाजूला टाकलं आणि विचारलं, "एवढ्या पुरतील ना?"

रामटेकेभाऊ निवृत्त झाल्यावर त्यांनी दिल्लीतल्याच द्वारकेत जुना फ्लॅट घेतला. चौथा मजला, लिफ्ट नाही. आमच्या कॉलनीतली जुनी क्वार्टर्सही पाडायला निघाली होती, त्यामुळे आम्ही सगळेच पांगलो. मी सरोजिनी नगरच्या बाजूला, काका मुलासोबत जनकपुरीला. पोकर मागे पडला. सणावारी फोन व्हायचे, दिल्लीत होतात तसे, "एकदा भेटायचं यार" म्हणून संपणारे.

मग एक दिवस रामटेकेभाऊंचा फोन आला. हेमाताईंना कर्करोग झाला होता आणि तो आधीच पसरलेला होता.

मी भेटायला गेले तर त्या गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ऐक. लोक येतात, दवाखान्याचंच बोलतात, आणि माझ्याकडे असं बघतात जशी मी खिडकीपलीकडे आहे. तू आणि काका दर शनिवारी या. पत्ते खेळू. म्हणजे बघायला काहीतरी दुसरं राहील."

केमो सुरू झाली. एकदा मी त्यांच्यासोबत मेट्रोनं परत येत होते. गाडी करा असं भाऊ सांगून दमले होते, पण त्यांना मेट्रोच हवी असायची. लेडीज डब्यात उभं राहायला जेमतेम जागा. डोक्याला स्कार्फ, चेहरा उतरलेला. एक कॉलेजची मुलगी पटकन उठली, "आंटी, आप बैठिए."

"नहीं बेटा, बैठो. मेरा अगला स्टेशन है."

द्वारका अजून कितीतरी लांब होतं. पुढचं स्टेशन आलं, गेलं. ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. हेमाताईंनी शांतपणे दांडा धरून तिच्याकडे पाठ केली. मी दबक्या आवाजात म्हटलं, "ताई, बसायचं हो." तर म्हणाल्या, "माझा स्कार्फ बघून उठली ती. केस असताना कुणी उठायचं नाही, आणि तेव्हा माझे गुडघे जास्त दुखायचे."

शनिवारचा खेळ सुरू झाला. मी राजौरी गार्डनला मेट्रो बदलून जायचे, काकांना वाटेत घ्यायचे. दिवाणावर त्या उशांना टेकून बसलेल्या, आम्ही तिघं खुर्च्या ओढून. पहिल्याच दिवशी दुसरा की तिसरा डाव असेल. हेमाताईंनी पत्ते उचलले, एक बदलला, आणि हातातले पत्ते पुन्हा एकदा नीट लावून घेतले. मग त्यांनी बोली वाढवली. काकांनी वाढवली. त्यांनी पुन्हा वाढवली. पत्ते उघडले तर चार नव्व्या.

"काय बाप्पा," त्या म्हणाल्या, "आज घरी सगळेच आहेत."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. त्या दिवशी त्यांनी आमची सगळी रास नेली. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. बदामाच्या पाचव्या पत्त्यासाठी हात घातला की बदामच यायचा. काकांचं गाणं सुरू झालं तरी त्या डाव सोडायच्या नाहीत, आणि त्यांच्याकडे काकांपेक्षा मोठे पत्ते असायचे. राजमा संपला की भाऊ आतून मसूर आणायचे. आम्ही अगदी जीव तोडून खेळत होतो आणि हरत होतो.

"हेमा, ही प्रभूची कृपा आहे," काका एकदा भारावून म्हणाले.

"काका, त्याला सांगा, पत्ता चुकला. दवाखान्यात पाठवायची होती, इथे आली."

काका आधी हसले आणि मग चष्मा पुसायला लागले.

नशीब वगैरे त्या मानत नसत. आम्हाला समजावून सांगायच्या की नाणं उडवत बसलात तर कधीतरी छापच छाप पडणार, त्यात विशेष काही नाही, पत्त्यांना कुणाची ओळख नसते. पण शनिवारी त्या इस्त्रीची साडी नेसून बसू लागल्या. एरवी दोन घास जात नसत, त्या दिवशी वरण-भात मागून घ्यायच्या. जिंकल्यावर दाण्यांची रास दोन्ही तळव्यांनी ओढताना त्यांचा चेहरा जिन्याच्या वळणावर पाहिला होता तसा व्हायचा. एकदा मी निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"शुभा, हे असंच चालत राहिलं तर गं?"

"काय, ताई?"

"काही नाही. ये तू. काका थांबलेत."

डिसेंबरातली गोष्ट. खिडकीतून ऊन दिवाणावर आलं होतं. त्या दिवशी हेमाताईंना फारसे पत्ते येत नव्हते, तरी बऱ्यापैकी जिंकल्या होत्या. एका डावात मी आणि काकांनी लवकरच पत्ते टाकले. राहिले ते दोघं नवरा-बायको. रामटेकेभाऊंनी आपले पत्ते एकदा पाहिले, मांडीवर पालथे ठेवले आणि पुन्हा पाहिलेच नाहीत. हेमाताईंनी बोली वाढवली, मोठी. मूठभर काबुली चणे मध्ये सरकवले. भाऊ थोडा वेळ चण्यांकडे बघत बसले, मग पत्ते पालथेच ढिगात टाकत म्हणाले, "छे. तुझं नशीब जोरात आहे बाई. मी सोडतो."

हेमाताईंनी रास ओढली नाही. पत्ते टाकले की ते बघायचे नसतात, हा त्यांचाच नियम. पण त्यांनी हात लांब केला आणि ढिगावरचे भाऊंचे पाच पत्ते उलटे केले. तीन राजे आणि दोन सत्त्या.

मग त्यांनी स्वतःचे उघडून शेजारी ठेवले. त्यांच्याकडे साधी जोडीसुद्धा नव्हती. नुसती थाप होती.

"चांगले पत्ते आले की तुम्ही परत बघत नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बघतेय मी." आणि मग, "अशोक."

त्यांच्या तोंडून हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"कधीपासून?"

"आजच. खरंच, आजच." भाऊंचे कान लाल झाले होते.

"अशोक."

"मागच्या शनिवारी एकदा. बस. बाकी कधी नाही."

"ताई, आम्ही तर कधीच नाही हो," मी म्हटलं. काकांनी छातीवर हात ठेवला.

"असेलही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण मला कसं कळणार आता? एकेक डाव परत कुठून आणू बघायला?"

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिची टुणटुण तेवढी ऐकू येत होती.

"मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तुला मागे थांबवून घेतलं होतं," हेमाताई म्हणाल्या. "तू मला म्हणालास, टॅक्सी शोधायला वेळ लागला. आणखी काय काय टाकलंयस, अशोक, मला न दाखवता?"

भाऊ मान खाली घालून बसले. त्या आमच्याकडे वळल्या. "आज तुम्ही निघा. तुमच्यावर रागावले नाही."

जिना उतरताना काका मधेच थांबले, कठडा धरून. "मी प्रत्येक डाव जिंकायलाच खेळलो गं," ते म्हणाले. "आजारी बाईशी असं खेळतो म्हणून मला घरी गेल्यावर वाईट वाटायचं. वाटायचं, एखादा डाव सोडावा. पण ती ओळखेल, या भीतीनं सोडला नाही. आणि आता तिला वाटणार, मीसुद्धा."

पुढचा शनिवार आला तसा गेला. मी फोन केला तो भाऊंनी उचलला आणि "झोपलीये" एवढंच सांगितलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते स्वतःच माझ्या दारात उभे. हातात सरोजिनी मार्केटची पिशवी. हेमाताईंना टोचणार नाही अशी मऊ टोपी शोधायला आले होते, असं म्हणाले. आत येऊन सोफ्यावर बसले आणि पिशवी मांडीवरच ठेवली.

"सांगितलं मी तिला सगळं," ते म्हणाले. "औषध लागू पडत नाहीये. आता फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी विचार केला, थंडी जाऊ दे, मग सांगू."

"काय म्हणाल्या ताई?"

"काही नाही. चहा मागितला. चहा पिताना म्हणाली, मग केमो कशाला घ्यायची, बंद करू. मी रडलो तर माझ्या पाठीवरून हात फिरवला तिनं. आणि त्या दिवशी गाढ झोपली, कितीतरी दिवसांनी." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "त्याचं तिनं माफ केलं, शुभा. पत्त्यांचं नाही करत."

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"दोनदाच टाकले मी. त्या दोन्ही वेळी तिला जिंकायला हवंच होतं असं मला वाटलं, डॉक्टरांचं ऐकून आलो होतो ना. बाकी सगळं तिचंच होतं. तिला कोण जिंकवणार? मला तर नीट खेळताही येत नाही तिच्यापुढे. पण ती आता मानतच नाही. म्हणते, सगळे शनिवार तुम्ही लोकांनी मला दिलेत. जन्मात एकदा तिला काही लागत होतं गं. आणि तेही मी खोटं करून टाकलं."

एवढा मोठा माणूस, पण त्या सोफ्यावर अंग चोरून बसला होता.

जानेवारीत हेमाताईंचाच फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तसंच. "शनिवारी ये. काकांना आण. पत्त्यांचा नवा जोड घेऊन ये, दुकानातून सील न तोडता."

आम्ही गेलो. त्या खूप वाळल्या होत्या. दिवाणावर रजई, पाठीशी तीन उशा, डोक्यावर ती मऊ टोपी. घड्याळ मनगटावर राहत नव्हतं म्हणून उशाशी काढून ठेवलेलं. समोर ट्रे.

"आज कुणी पत्ते हातात घ्यायचे नाहीत," त्यांनी सांगितलं. "बोली नाही, टाकणं नाही, बदलणं नाही. दर डावाला प्रत्येकानं मूठभर दाणे मध्ये ठेवायचे. पाच-पाच पत्ते, तोंड वर करून. ज्याचे मोठे तो जिंकला. काका पिसतील, शुभा वाटेल. रामटेके फक्त बसतील."

'रामटेके' ऐकून भाऊंनी वर पाहिलं, पण त्या पत्त्यांकडे बघत होत्या.

काकांनी बराच वेळ पिसले. मी एकेक पत्ता वाटायला लागले. असा खेळ आम्ही कधी खेळलो नव्हतो. त्यात करण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं बघायचं. पहिल्या डावात मला काही नाही, काकांना पंजीची जोडी, भाऊंना काही नाही. हेमाताईंना राण्यांची जोडी. दुसऱ्या डावात त्यांना तीन अठ्ठ्या. तिसऱ्यात भाऊंना एक्क्यांची जोडी आली आणि त्यांचा चेहरा पडला. एवढी मोठी जोडी आल्यावर इतका दुःखी झालेला माणूस मी पाहिला नाही. हेमाताईंकडे चार पत्ते पडले होते: दोन दश्श्या, एक गुलाम, एक तिर्री. शेवटचा पत्ता माझ्या हातात होता आणि मला तो उलटवेना.

"टाक," त्या म्हणाल्या.

किलवरचा गुलाम पडला. दोन दश्श्या, दोन गुलाम. दोन जोड्या. त्या जिंकल्या होत्या.

चौथाही डाव त्यांचाच आला. पाचवाही. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, भाऊंनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातानं बाजूला केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"अगं, खरं होतं," त्या म्हणाल्या. "खरंच येत होते मला पत्ते. रामटेके, बघा. मला लागत होतं!"

"लागतच होतं," भाऊ म्हणाले. "तेच सांगतोय ना मी." हेमाताईंनी रजईतून हात काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी पत्ते गोळा करायला लागले. "ताई, आता पुरे. दमलात तुम्ही."

"पुरे काय? वाट. हरेपर्यंत वाट."

"कशाला हो?"

"जिंकत असताना उठायचं नसतं, शुभा. ते पण खोटंच."

मी वाटले. आणखी एक डाव त्या जिंकल्या. त्याच्या पुढच्यात त्यांना नुसता एक्का, बाकी चार पत्ते चार दिशांना. मला आणि भाऊंना काहीच नाही. काकांना छक्कीची जोडी. एवढीशी जोडी, पण मोठी तीच होती. काका ट्रेकडे बघत बसले, जसं काही त्यांनीच काही चूक केली होती.

"वा, काका," हेमाताई म्हणाल्या. "घ्या. तुमची रास."

"राहू दे, हेमा."

"घ्या म्हणते ना. जिंकलात तुम्ही."

काकांनी राजमा आणि चणे आपल्याकडे ओढले. हेमाताई ते सगळे दाणे जाईपर्यंत बघत होत्या. मग उशीला टेकल्या आणि डोळे मिटले. दमल्या होत्या, पण चेहरा निवांत होता. "मस्त झाला खेळ," डोळे न उघडताच म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही पत्ते काढले नाहीत. शनिवारी जायचो, बसायचो. काका वसईच्या केळ्यांच्या बागांबद्दल सांगायचे, त्या ऐकायच्या, मधेच झोपी जायच्या. होळीच्या आधी त्या गेल्या. भंतेजी आले, वंदना झाली. पांढरे कपडे घातलेल्या लोकांत काका एका कोपऱ्यात बसले होते आणि त्यांचे ओठ त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेत हलत होते. रामटेकेभाऊ आलेल्या प्रत्येकाला चहा घेतला का, एवढंच विचारत होते.

मला मात्र त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधी, एका सकाळी. ऑफिसला सुट्टी होती म्हणून मी भेटून आले होते. चारही मजले उतरून गेटपाशी रिक्षा शोधत होते, तेवढ्यात वरून आवाज आला. इतका मोठा आवाज त्या अंगात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"भैया! ओ मेथीवाले भैया! कल की तो नहीं है ना?"

मी वर पाहिलं. हेमाताई गॅलरीत उभ्या होत्या. मी होते तेव्हा त्यांना उठूनसुद्धा बसवत नव्हतं. डोक्यावर टोपी नव्हती, नुकते उगवलेले बारीक पांढरे केस उन्हात चमकत होते. त्यांच्या मागे रामटेकेभाऊ उभे होते, दोन्ही हात पुढे करून, पण त्यांना न शिवता. दोघांनीही मला पाहिलं नाही.

"बिल्कुल ताज़ी है, माताजी!" मेथीवाला ओरडला.

"माताजी मत बोलो. भाव बोलो."

त्यानं भाव सांगितला. त्यांनी नाही म्हटलं. त्यानं हातगाडी ढकलायचं नाटक केलं, त्या जराही हलल्या नाहीत. तो परत थांबला, हसला आणि दोन जुड्या उचलून उभा राहिला. मग वरून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायला लागली. हळूहळू, थांबत थांबत, एकेका मजल्यावर जरा विसावत. कितीतरी वेळ लागला. मेथीवाला तोंड वर करून, दोन्ही हात उंचावून, तिची वाट बघत उभा होता.